‘सुहैली’ : मुंबईत बांधलेली एक जुनी नौका

रामटेकपासून समुद्र कोणत्याही दिशेने शेकडो किलोमीटर दूर आहे. आमच्या भागातल्या मुलाने पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे खिंडसी तलावाचे, नाहीतर तोतलाडोह धरणाचे. अशा गावातल्या शिक्षकांसाठी शिडाच्या नौकेचा इतिहास कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. पण या इतिहासाचे दोन धागे रामटेकच्या परिसरातूनही दिसतात. पहिला धागा पेंचच्या जंगलात मुबलक वाढणाऱ्या सागाचा. दुसरा धागा अगस्त्याचा. रामटेकच्या गडावर अगस्त्य मुनींचा आश्रम दाखवतात. विंध्य ओलांडून दक्षिणेत गेलेल्या आणि आचमन करून समुद्र पिऊन टाकणाऱ्या या ऋषीचे नाव आपल्या पूर्वजांनी दक्षिण आकाशातल्या एका तेजस्वी ताऱ्याला दिले. व्याध सोडला तर रात्रीच्या आकाशात याहून तेजस्वी तारा नाही. युरोपात त्याला कॅनोपस म्हणतात, तर अरबी खलाशी त्याला सुहैल म्हणत. सुहैल ही त्यांची दक्षिण दिशेची खूण होती, आणि इराणच्या आखातात दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्यालाही त्यांनी ‘सुहैली’ हेच नाव दिले.

याच नावाची एक लहानशी लाकडी नौका १९६४ मध्ये मुंबईत पाण्यात उतरली. पुढे पाचच वर्षांत, कोठेही न थांबता एकट्या माणसाला पृथ्वीभोवती फिरवून आणणारी ती जगातील पहिली नौका ठरली. साठ वर्षे उलटून गेली तरी ती टिकून आहे. ती कशी बांधली गेली, शर्यतीत कशी टिकली आणि त्यानंतर कशी जपली गेली, हे पाहण्यासारखे आहे. कारण त्यात इतिहासाइतकेच विज्ञानही आहे.

मुंबईची गोदी आणि साग

मुंबईत नौका बांधण्याची परंपरा जुनी आहे. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे शतकाहून अधिक काळ येथे जहाजे बांधली. नेपोलियनबरोबरच्या युद्धांत इंग्लंडमधील ओक लाकडाचा तुटवडा पडला, तेव्हा ब्रिटिश नौदलाने आपल्या काही युद्धनौका मुंबईत सागाच्या बांधून घेतल्या. त्यांपैकी ‘त्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगते आहे, आणि तिच्या सांगाड्यातील निम्म्याहून अधिक लाकूड मूळचे आहे.

साग इतका का टिकतो? त्याच्या लाकडात तेलकट आणि रबरासारखे द्रव्य असते. त्यामुळे पाणी आत सहज शिरत नाही. टेक्टोक्विनोनसारखी रसायने वाळवीला आणि बुरशीला दूर ठेवतात. तिसरा गुण कमी ठाऊक असलेला, पण नौकेसाठी फार महत्त्वाचा आहे. ओकच्या लाकडात टॅनिन भरपूर असते. ते आम्लधर्मी असल्यामुळे ओलसर ओकमध्ये ठोकलेला लोखंडी खिळा लवकर खराब होतो आणि भोवतालचे लाकूड काळे पडते. सागात हा त्रास पुष्कळच कमी होतो. वर्गात हे पडताळून पाहणे सोपे आहे. हिरड्याच्या पुडीत टॅनिन असते. ओल्या पुडीत लोखंडी खिळा ठेवला की काही वेळात काळा रंग उतरतो. आपल्याकडे पूर्वी शाई करत ती याच तत्त्वावर. शेजारी सागाचा ओला भुसा आणि दुसरा खिळा ठेवून विद्यार्थ्यांना रोजची नोंद करायला सांगावे.

जुना आराखडा, जुनी हत्यारे

१९६० च्या सुमारास रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज अधिकारी व्यापारी जहाजांवर नोकरी करत होता आणि मुंबई-आखात मार्गावर त्याच्या फेऱ्या होत. स्वतःची नौका बांधून तिच्यातून मायदेशी परतायचे त्याने ठरवले. आराखडा त्याने इंग्लंडमधून मागवला. हाती आला तो हवा असलेला नव्हता. विल्यम ॲटकिन या अमेरिकी रचनाकाराने १९२० च्या दशकात तयार केलेल्या ‘एरिक’ नावाच्या नौकेचा तो आराखडा होता. त्याचे मूळ आणखी मागे, नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या बचाव-नौकांपर्यंत जाते. वादळात बाहेर पडून बुडणाऱ्या कोळ्यांना सोडवण्यासाठी त्या नौका होत्या. म्हणून त्यांची रचना वेगासाठी नव्हे, तर तगून राहण्यासाठी केलेली होती. पुढचे व मागचे अशी दोन्ही टोके निमुळती, तळाला लांबलचक कणा, रुंद आणि वजनदार अंग. मागून येणारी लाट सपाट पाठीवर आदळण्याऐवजी निमुळत्या टोकाने दुभागली जावी, हा त्यामागचा विचार होता.

वेळ थोडा होता, तेव्हा हाच आराखडा घेऊन १९६३ मध्ये कुलाब्याला काम सुरू झाले. नौकेची लांबी ३२ फूट, रुंदी सुमारे ११ फूट, पाण्याखालची खोली साडेपाच फूट. लाकूड सागाचे. सुतारांच्या हातात वाकस आणि सामता ही हत्यारे होती. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या सुतारानेही ती ओळखली असती. १९ डिसेंबर १९६४ रोजी नाळेवर नारळ फोडून ‘सुहैली’ पाण्यात सोडण्यात आली. १९६५ मध्ये रॉबिन, त्याचा भाऊ आणि एक मित्र असे तिघे तिच्यातून निघाले. दक्षिण आफ्रिकेत पैसे संपले. तेथे थांबून नोकरी करावी लागली आणि इंग्लंड गाठायला १९६७ साल उजाडले.

शर्यत

त्याच वर्षी फ्रान्सिस चिचेस्टर हा वृद्ध दर्यावर्दी वाटेत फक्त सिडनीला थांबून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला होता. आता न थांबता जाण्याचाच विक्रम उरला होता. लंडनच्या ‘संडे टाइम्स’ या वृत्तपत्राने १९६८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर केली. पहिल्या येणाऱ्याला सोनेरी पृथ्वीगोल आणि सर्वांत कमी दिवसांत पूर्ण करणाऱ्याला पाच हजार पौंड असे बक्षीस होते. मिळून नऊ जण निघाले. ‘सुहैली’ १४ जून १९६८ रोजी फॅल्मथ बंदरातून निघाली. तिच्या जिंकण्याची अपेक्षा फारच थोड्यांना होती.

याचे कारण गणितात आहे. पाणी कापत जाणारी नौका स्वतःभोवती लाटा उत्पन्न करते, आणि लाटेची लांबी वेगाबरोबर वाढते. लाटेची लांबी नौकेच्या पाण्यालगतच्या लांबीइतकी झाली की नौका स्वतःच्याच लाटांच्या खळग्यात अडकते. मग वारा कितीही वाढला तरी वेग फारसा वाढत नाही. ही मर्यादा काढण्याचे सोपे सूत्र असे : पाण्यालगतच्या लांबीचे (फुटांत) वर्गमूळ गुणिले १.३४ म्हणजे नॉटमधील वेग. ‘सुहैली’ची ही लांबी २८ फूट. उत्तर येते सुमारे ७ नॉट, म्हणजे ताशी १३ किलोमीटर. ही झाली कमाल मर्यादा. प्रत्यक्षात तिने सुमारे ३०,००० सागरी मैल ३१२ दिवसांत कापले. भागाकार केला तर सरासरी ताशी ४ सागरी मैल, म्हणजे साडेसात किलोमीटरहून थोडी कमी पडते. खेड्यातला माणूस रमतगमत सायकल चालवतो त्यापेक्षाही हा वेग कमीच.

सुरुवातीलाच, अटलांटिकमध्ये असताना, नौकेत पाणी येऊ लागले. कण्यालगतच्या फळीची शिवण दोन्ही बाजूंनी काही फूट उकलली होती. लाकडी नौकेच्या फळ्यांमधील फटींत कापूस ठासून भरलेला असतो. लाकूड पाण्याने फुगते आणि कापूस दाबला जाऊन फट मिटते. येथे तो कापूस निसटला होता. रॉबिनने पाण्यात बुड्या मारल्या. श्वास धरून पाण्याखाली कापूस ठोकण्याचा प्रयत्न फसला, कारण दुसरी बुडी मारीपर्यंत तो पुन्हा बाहेर यायचा. मग त्याने कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवला, पट्टीला डांबर फासले, ती फटीवर तांब्याच्या टाचण्यांनी ठोकली आणि वरून तांब्याचा पत्रा मारला. मध्येच एक शार्क मासा घिरट्या घालू लागला. त्याला बंदुकीने मारल्यावर काम पुढे सुरू झाले. ही दुरुस्ती टिकली.

पुढे दक्षिण महासागरात एका प्रचंड लाटेने नौका आडवी केली. तक्तपोशीवरच्या केबिनचे सांधे हलले. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या खराब झाल्या आणि पावसाचे पाणी शिडांवरून जमा करून दिवस काढावे लागले. रेडिओवरून संदेश पाठवणे बंद पडले. ऑस्ट्रेलियाजवळ पोहोचेपर्यंत, नौका आपोआप दिशेवर ठेवणारे यंत्र मोडून निकामी झाले. एकट्या माणसाला झोप तर घ्यावीच लागते. अशा वेळी कोणी परत फिरले असते. पण ‘सुहैली’ला दोन डोलकाठ्या आहेत आणि तळाला लांब कणा आहे. पुढच्या शिडांचा वाऱ्यावरील जोर आणि मागच्या शिडाचा जोर असा तोलता येतो की, नौका एका बाजूला वळू लागली की दुसरा जोर तिला परत आणतो. तराजूच्या दांडीसारखाच हा आघूर्णांचा समतोल आहे. सुकाणू बांधून ठेवून, शिडे कमी-अधिक ताणून रॉबिनने हा तोल साधला आणि उरलेला अर्ध्या पृथ्वीचा प्रवास तसाच केला. मंद म्हणून हिणवलेल्या जुन्या आराखड्याची किंमत येथे कळते.

न्यूझीलंड सोडल्यावर साडेचार महिने त्याचा काहीच ठावठिकाणा नव्हता. ६ एप्रिल १९६९ रोजी अटलांटिकमध्ये एका तेलवाहू जहाजाने ‘सुहैली’ पाहिली आणि २२ एप्रिलला ती फॅल्मथला परतली.

नोंदवहीचा धडा

निघालेल्या नऊ जणांपैकी फक्त ही एक नौका परतली. काहींनी लवकर माघार घेतली. फ्रान्सचा बर्नार मोआतेसिए वेगाने येत होता. पण केप हॉर्न ओलांडल्यावर त्याने शर्यतच सोडली आणि तो थेट ताहितीच्या दिशेने गेला. उरले दोघे, आणि त्यांची कथा शिक्षकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे.

डोनल्ड क्रोहर्स्ट हा विद्युत-उपकरणे बनवणारा हुशार माणूस होता. त्याची तीन सांगाड्यांची नवी नौका घाईने बांधलेली होती आणि ती दक्षिण महासागरात टिकणार नाही हे त्याच्या लवकरच लक्षात आले. परत फिरावे तर कर्ज आणि नाचक्की. त्याने अटलांटिकमध्येच घुटमळत राहून खोटी स्थाने रेडिओवरून कळवली. खोट्या प्रवासाची नोंदवही लिहायची तर न पाहिलेल्या सूर्याची उंची उलटे गणित करून काढावी लागते, आणि हे खऱ्या निरीक्षणापेक्षा अवघड काम आहे. इकडे नायजेल टेटली खरोखर पृथ्वीप्रदक्षिणा करून परतत होता. मागून क्रोहर्स्ट येत आहे अशा समजुतीने त्याने आपली खिळखिळी नौका अधिक ताणली. ती २१ मे १९६९ च्या सुमारास, शेवट जवळ आला असताना बुडाली. टेटली वाचला. १० जुलैला क्रोहर्स्टची नौका रिकामी सापडली. तिच्यातल्या नोंदवह्यांवरून सारा प्रकार उघड झाला. रॉबिनने बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

प्रयोगवहीत न घेतलेले वाचन ‘भरून टाकण्याचा’ मोह आपल्या विद्यार्थ्यांना होतो. संशोधकांनाही होतो. एक खोटा आकडा टिकवायला दहा खोटे आकडे लागतात, आणि त्यावर विश्वास ठेवून दुसराच कोणी आपली नौका बुडवून बसतो. या गोष्टीची मोठी किंमत दोन कुटुंबांनी मोजली. नुसता उपदेश करण्यापेक्षा हा इतिहास सांगितलेला बरा.

जपणे म्हणजे वापरणे

शर्यतीनंतरही ‘सुहैली’ तिच्या मालकाकडेच राहिली. १९८९ मध्ये त्याने जुन्या ॲस्ट्रोलेबच्या साहाय्याने तिच्यातून अटलांटिक ओलांडला. १९९१ मध्ये गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टनबरोबर तो तिला ग्रीनलंडला घेऊन गेला. १९९७ मध्ये तिला ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात मानाची जागा मिळाली. छप्पर, उबदार कोरडी हवा, पाऊस नाही, लाटा नाहीत. यापेक्षा सुरक्षित जागा कोणती? पण काही वर्षांतच फळ्या आकसू लागल्या आणि शिवणी उघडू लागल्या. लाकूड वाळताना लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, रुंदीच्या दिशेने मात्र बरेच आकसते. समुद्रात फुगून घट्ट बसलेल्या फळ्या कोरड्या दालनात एकमेकींपासून सुटत होत्या. २००२ मध्ये मालकाने तिला परत नेले. गंजलेले खिळे काढून नवे घालणे, शिवणी पुन्हा भरणे, डोलकाठ्या सारख्या करणे हे काम पुढे कित्येक वर्षे चालले आणि त्यातले बरेचसे त्याने स्वतःच्या हातांनी केले. १४ जून २०१८ रोजी, बरोबर पन्नास वर्षांनी, ‘सुहैली’ पुन्हा फॅल्मथच्या पाण्यात शिडे उभारून उभी होती.

आपल्याकडे विहिरीवरचा लाकडी रहाट किंवा बैलगाडीचे चाक बरीच वर्षे न वापरता पडून राहिले की खिळखिळे होते, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. शाळेच्या कपाटात कुलूपबंद ठेवलेल्या सूक्ष्मदर्शकाचेही तेच होते. त्याच्या भिंगांवर बुरशी चढते. जुनी वस्तू जपायची असेल तर ती हाताळणारे, तिची कुरकुर ओळखणारे हात आधी जपावे लागतात.

धागा परत आपल्याकडे

मुंबईच्या कारागिरांनी बांधलेल्या या नौकेचे ऋण पुढे वेगळ्या रीतीने फिटले. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहत. रामटेकप्रमाणेच तेथूनही समुद्र दिसत नाही. भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा त्यांचा ध्यास होता. नौदलातील दिलीप दोंदे यांनी ते काम अंगावर घेतले आणि त्यांना मार्गदर्शन मिळाले ते नॉक्स-जॉन्स्टन यांचे. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि वाटेत चार ठिकाणी थांबून मे २०१० मध्ये परतले. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली.

२०१८ मध्ये ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जुन्याच नियमांनी पुन्हा भरली : जुन्या आराखड्याच्या नौका, उपग्रहावरून दिशा नाही, स्थान काढायचे ते सेक्स्टंटने. दांडेकरांनी ‘सुहैली’ची प्रतिकृती ‘थुरिया’ बांधली आणि टॉमी तिच्यातून उतरले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या मणक्यांना गंभीर इजा झाली आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना वाचवले. आराखडा चांगला असला म्हणजे समुद्र सवलत देतो असे नाही. बरे झाल्यावर टॉमी पुढच्या शर्यतीत पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. पहिली आली ती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. आज वेगवान शर्यती-नौका हीच प्रदक्षिणा ६५ दिवसांच्या आत करतात. तरीही ताशी चार मैलांच्या या जुन्या नौका शर्यतीला उतरतात, कारण त्यांत माणसाच्या कौशल्याचा वाटा मोठा असतो.

वर्गासाठी एक निरीक्षण

शेवटी अगस्त्याकडे येऊ. हा तारा खगोलीय विषुववृत्ताच्या ५२.७ अंश दक्षिणेला आहे. म्हणून उत्तर गोलार्धात तो दक्षिणेला सर्वांत उंच येतो तेव्हा त्याची उंची (अंशांत) आणि आपल्या गावाचा अक्षांश यांची बेरीज नेहमी ३७.३ येते. रामटेकचा अक्षांश सुमारे २१.४ अंश. तेव्हा तेथून तो १५.९ अंशांवर दिसायला हवा. दिल्लीहून तो जेमतेम ८.७ अंश वर येतो, कन्याकुमारीहून २९ अंशांपर्यंत चढतो आणि इंग्लंडमधून कधीच दिसत नाही. फॅल्मथहून निघालेल्या खलाशाला तो क्षितिजावर येताना दिसतो, तेव्हा आपण किती दक्षिणेला आलो हे त्याला कळते.

कोनमापक, दोरा, दोऱ्याच्या टोकाला एक खडा आणि पाहण्यासाठी रिकामी पेनाची नळी एवढ्या साहित्यात हे मोजता येते. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊच्या सुमारास, दक्षिणेचे क्षितिज मोकळे असेल अशा जागी मुलांना न्यावे. खिंडसीचा बांध किंवा गडाची दक्षिण बाजू त्यासाठी चांगली. प्रत्येकाने स्वतंत्र वाचन घ्यावे आणि ते जसे आले तसेच वहीत लिहावे. कोणाचे १४ येईल, कोणाचे १८. मग सर्वांची सरासरी काढून ती ३७.३ मधून वजा करावी. येणारा अक्षांश नकाशातल्याशी तंतोतंत जुळणार नाही. एक अंश चुकला तर ६० सागरी मैलांचा फरक पडतो, हेही मुलांना तेव्हाच सांगावे. एवढीशी चूक समुद्रात किती महाग पडू शकते हे त्यांना समजेल, आणि सुहैलच्या आधाराने समुद्र ओलांडणाऱ्यांची नजर किती तयार असली पाहिजे हेही.